बाद झालेल्या कॅटलॉगमधली कापडं
पडदे-सोफ्याच्या दुकानांतले जुने कॅटलॉग डिझाइन बदललं की बाद होतात. मागितले तर दुकानदार बहुधा देऊन टाकतात. त्यातले तुकडे पुठ्ठ्यावरून ओढून काढू नका, वीण ताणली जाते. पुठ्ठ्याच्या बाजूने कोमट इस्त्री फिरवा. गोंद मऊ पडला की कापड सावकाश सुटतं.

धुण्याआधी कडांना झिगझॅग शिलाई मारा. कंटाळा आला तरी ही पायरी सोडू नका, कारण जाड विणीच्या तुकड्याचे धागे पहिल्याच धुण्यात सुटत जातात आणि चांगलं बोटभर कापड वाया जातं. मग ओल्या पांढऱ्या फडक्याने कोपरा घासून पाहा. रंग लागला तर तो तुकडा वेगळा धुवा. बाकीचे साबणपूड घातलेल्या कोमट पाण्यात अर्धा तास भिजवा, पिळू नका, सावलीत वाळवा. पाठीला रबरासारखा थर असेल तर मात्र पाणी नको आणि इस्त्रीही नको; नुसतं पुसून घ्या.

सोफ्याच्या कापडाला मशीनला १६ नंबरची सुई लावा. गोधडीला हे कापड मला फार जड वाटतं, पण भाजीच्या पिशव्या त्याच्या फार सुंदर होतात. गोधडीसाठी पडद्यांचे हलके सुती तुकडे बाजूला ठेवा.