परदेशी हंगामाला निघताना

ऊसतोडीला निघालेल्या टोळीला मुकादम आधी उचल देतो, मग कोयता चालतो. परदेशातल्या शेतांवरच्या हंगामी कामात एजंट उलट आपल्याकडूनच उचल मागतो. सोलापुरात माझ्या ऑनलाइन फॉर्मच्या दुकानात येणाऱ्या पोरांना मी म्हणूनच आधी विचारतो, पैसे देऊन बसलात का? आणि पावती कुठाय?

त्याआधी नावाचं बघा. आपल्याकडे श्रीनिवास घरोघरी. आधारवर त्याचं स्पेलिंग एस-एच-आर-आय, शाळेच्या दाखल्यावर एस-आर-आय, आणि बँकेत आडनाव आधी. पासपोर्ट काढण्यापूर्वी हे सगळं एकसारखं करून घ्या. लग्नानंतर नाव बदललेल्या बायकांनी तर नक्कीच. दहावीचं प्रमाणपत्र असेल तर अर्जाला जोडा, म्हणजे पासपोर्टवर इसीआरचा, म्हणजे कामाला जाण्याआधी सरकारी परवानगी लागते असा, शिक्का बसत नाही. तो शिक्का आखातासारख्या १८ देशांत नोकरीला जातानाच आडवा येतो, पण पुढचं कुणी पाहिलंय. पोलीस क्लिअरन्स, म्हणजे गुन्हा नावावर नसल्याचा दाखलाही त्याच पासपोर्ट खात्याकडून मिळतो.

आता देश. ब्रिटनचा हंगामी व्हिसा फळं-भाज्या-फुलांच्या कामाला जास्तीत जास्त सहा महिन्यांचा. कुटुंब नेता येत नाही, मुदत वाढत नाही. सरकारने मान्यता दिलेल्या मोजक्या संस्थाच त्यासाठी स्पॉन्सर होतात, म्हणजे कामगाराला बोलावून घेतात, त्यांची नावं ब्रिटिश सरकारच्या संकेतस्थळावर आहेत. संस्था खर्चाची हमी घेत नसेल तर १,२७० पौंड खात्यात सलग २८ दिवस दिसावे लागतात. इटलीत हंगाम नऊ महिन्यांपर्यंत, पण तिथे कोटा असतो. आधी तिथला मालक अर्ज करतो, त्याला ‘नुल्ला ओस्ता’ म्हणजे परवानगी मिळते, मगच आपण व्हिसा मागायचा. तेव्हा इथे बसून कुणी ‘इटलीचा काढून देतो’ म्हणाला की मालकाचं नाव-पत्ता मागा आणि त्याच्याशी व्हिडिओ कॉलवर बोला. पोहोचल्यावर ठरलेल्या मुदतीत मालकाने आणि आपण करारावर सही करायची असते. त्या वेळी मालकच गायब झाला तर पोरगं ना घरचं ना घाटचं.

एजंट १९८३ च्या स्थलांतर कायद्याखाली नोंदलेला हवा. भारत सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर त्याचा परवाना दोन मिनिटांत तपासता येतो. त्याला घेता येते जास्तीत जास्त ३०,००० रुपये फी, वर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ३५,४००, तेही पावती देऊन. ब्रिटनच्या कामात तर कामगाराकडून नोकरी मिळवून देण्याची फी घेणंच गुन्हा आहे. माझ्या मावसभावाने एका एजंटाला दोन लाख रोख मोजले. ‘टुरिस्ट व्हिसावर जा, तिकडे बदलून घेऊ’ हे त्याचं आश्वासन. तसं बदलून मिळत नाही. गडी परत आला, पैसे आलेच नाहीत, आणि त्यासाठी गहाण पडलेलं मावशीचं डोरलं अजून सुटायचंय.

कराराची प्रत समजेल त्या भाषेत मागा आणि तीन गोष्टी बोट ठेवून वाचा: मजुरी तासावर की नगावर, आठवड्याला किती तासांची हमी, राहण्याचं भाडं किती कापणार. ब्रिटनमध्ये आठवड्याला सरासरी ३२ तासांचा पगार द्यावाच लागतो. पाऊस पडला, तोडणी थांबली, तरी.

कासेगावच्या द्राक्षबागेत छाटणी केली असेल, सांगोल्यात डाळिंब उतरवलं असेल तर बागायतदाराकडून तारखांसह पत्र घ्या. कात्री चालवतानाचा व्हिडिओही मोबाइलमध्ये असू द्या, मुलाखतीत विचारलं तर तोंडी सांगण्यापेक्षा बरं. घरी पीककर्जाची तारीख लिहून ठेवा. बँकेला जोडलेल्या सिमचा रिचार्ज संपू देऊ नका, नाहीतर ओटीपीवाचून पैसे पाठवणं अडतं. पासपोर्ट तिथल्या कुणाच्या ताब्यात देऊ नका, आणि त्याचे फोटो बायकोच्या मोबाइलवरही ठेवा.

बॅगेत सोलापुरी चादर कोंबायचा मोह होतो. वजनात जाते बघा. त्याऐवजी थर्मल कपडे आणि पावसाळी बूट घ्या. दूध आणि मांसाचे पदार्थ तिकडे विमानतळावर काढून घेतात, म्हणून आईने दिलेले पेढे इथेच खाऊन निघा. शेंगाचटणी आणि कडक भाकरी मात्र खुशाल घ्या, महिनाभर टिकते.