कार्बन बाणाची पिसं सुटत होती: माझा अनुभव

सोलापूरच्या एप्रिलात तिरंदाजीचा सराव करताना प्लास्टिकची पिसं दोन-चार नेमांतच सुटायची. गोंद पिसाला चिकटलेला, शाफ्ट (बाणाची दांडी) मात्र कोरा! गोंद बदलला, जास्त ओतला, नुसता वैताग. दोष शाफ्टवरच्या तेलकट थराचा होता.

आधी जुना गोंद बोथट पात्याने खरवडला. मग 400 नंबरच्या पॉलिश पेपरने फक्त चकाकी घालवली. काळी पूड दिसली की थांबा, कार्बनचे तंतू कापले जातात. पाणी थेंब न होता सपाट पसरलं, म्हणजे शाफ्ट स्वच्छ. तो वाळवून, शाफ्ट आणि पिसाचा तळ आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसला. त्यानंतर बोट लावलं नाही. इन्स्टंट गोंदाची केसाएवढी रेघ, जिगमध्ये (पीस जागेवर धरून ठेवणाऱ्या साच्यात) 30 सेकंद दाब, शेवटी पिसाच्या दोन्ही टोकांना एकेक थेंब. पुसायला जुन्या चादरीचा तुकडा नको, सोलापुरी असली तरी, सूत चिकटतं.