स्मृतिदिनाला मुलांच्या वॉर्डात मदत देताय? या चुका टाळा

वर्षश्राद्धाच्या जेवणावळीऐवजी सरकारी रुग्णालयातल्या मुलांसाठी काही द्यावं, असं आता बरीच कुटुंबं ठरवतात. नातेवाईक, सोसायटी, गेलेल्या माणसाच्या ऑफिसातली मंडळी अशा सगळ्यांकडून खोकी जमतात, टेम्पो सांगितला जातो. आणि त्यातलं निम्मं सामान वॉर्डाच्या दारातच अडतं. सिस्टर खडूस असतात म्हणून नव्हे, तर आत झोपलेल्या मुलाला त्यातून धोका असतो म्हणून.

आधी सामान, मग चौकशी

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. निदान सहा आठवडे आधी रुग्णालयात एक चक्कर मारा. सरकारी आणि महापालिकेच्या मोठ्या रुग्णालयांत समाजसेवा अधीक्षक असतात, पहिली गाठ त्यांची घ्यायची. ते मुलांच्या वॉर्डाच्या इन्चार्ज सिस्टरकडे नेतील. परवानगीचं पत्र वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात अधिष्ठात्यांच्या नावे आणि जिल्हा रुग्णालयात जिल्हा शल्यचिकित्सकांच्या नावे लिहा. पत्राच्या दोन प्रती काढा, एक आवक विभागात द्या आणि दुसरीवर तारखेसह शिक्का मारून पोच घ्या. ही पोच नसली की ऐन दिवशी गेटवरचा सुरक्षारक्षक अडवतो आणि ज्यांच्याशी बोलणं झालं ते नेमके रजेवर असतात.

सिस्टरना "काय हवंय?" असं मोघम विचारलं तर "काहीही चालेल" एवढंच उत्तर मिळतं. त्याऐवजी असं विचारा: खाटा किती? कोणत्या वयाची मुलं जास्त? महिनाअखेरीस कोणत्या तीन वस्तू संपतात? कोणत्या वस्तू इथे चालत नाहीत? उत्तरात बहुतेक वेळा खेळणी पहिली येत नाहीत. डायपर, टॉवेल, साबण, बादली-मग, मुलाजवळ रात्रभर बसणाऱ्या आईसाठी चटई आणि चादर, अशी यादी निघते. डायपर घेताना पाकिटावरचं 'मीडियम' बघू नका, बाळाच्या वजनाचे किलो बघा. कंपनीगणिक माप बदलतं आणि आजारी मूल वयाच्या मानाने हलकं असतं.

खाटा ४० म्हणून पाकिटं ४० हा हिशोब हमखास चुकतो. पावसाळ्यात डेंग्यू-न्यूमोनियाचे रुग्ण वाढले की एका खाटेवर दोन मुलं दिसतात, शिवाय सोबत आलेली भावंडं असतात. ४० खाटांना ६० पाकिटं धरा. उरलेली सिस्टरच्या कपाटात राहतील, रात्री भरती होणाऱ्या मुलाला मिळतील. आणि सगळ्या पाकिटांची किंमत सारखी ठेवा. एका खाटेवर मोटार आणि शेजारच्या खाटेवर पेन्सिल आली, तर ते रडू तुमच्यामागे सिस्टरनाच आवरावं लागतं.

दारातून परत येणाऱ्या वस्तू

दुधाच्या पावडरीचे डबे आणि बाळाला दूध पाजायच्या बाटल्या. सगळ्यात प्रेमाने आणल्या जातात त्या याच, आणि कायद्याने बंदीही यांवरच आहे. १९९२च्या शिशुदुग्धपर्याय कायद्यानुसार या वस्तू अनाथालयाखेरीज कुणालाही दान करता येत नाहीत. वरचं दूध सुरू झालं की आईचं दूध कमी होतं, आणि अस्वच्छ पाण्यात कालवलेली पावडर बाळाला जुलाब लावते.

वापरलेली मऊ खेळणी नकोत. टेडीच्या कापसात धूळ आणि जंतू साठतात, ते पुसून जात नाहीत. कॅन्सरसाठी केमोथेरपी चालू असलेल्या मुलाची प्रतिकारशक्ती इतकी उतरलेली असते की घरात निरुपद्रवी वाटणारा जंतूही त्याला आयसीयूत नेऊ शकतो. त्याच कारणाने अशा मुलांच्या वॉर्डात ताजी फुलं आणि कापलेली फळंही नेत नाहीत. दाबल्यावर चूं करणारी रबरी बदकंसुद्धा टाळा, आत पाणी साचून बुरशी धरते.

बटणाएवढ्या चपट्या सेलवर चालणारी खेळणी वॉर्डात अजिबात नेऊ नका. असा सेल गिळला आणि अन्ननलिकेत अडकला, तर दोन तासांत तिथे भाजल्यासारखी जखम होते. फुगेही नकोत, फुटलेल्या फुग्याचा तुकडा श्वासनलिकेवर घट्ट बसतो. खेळण्यावर आयएसआय खूण बघूनच घ्या, १ जानेवारी २०२१ पासून ती सक्तीची आहे.

खाऊचं सांगायचं तर, लाडू-चिवड्याची पाकिटं वाटायची नसतात. एका मुलाला किडनीच्या आजारामुळे मीठ बंद असतं, दुसऱ्याला त्याच आजारात केळंही चालत नाही, तिसऱ्याला मधुमेह असतो, चौथ्याला ऑपरेशनसाठी उपाशी ठेवलेलं असतं. चिक्की आणि शेंगदाणे लहानांच्या घशात अडकतात. खाऊ द्यायचाच असेल तर आहारतज्ज्ञांना दाखवून, त्या सांगतील त्याच मुलांसाठी. घरातली उरलेली औषधं कुणी आणून दिली, तर ती तिथल्या तिथे परत करा.

चालतं काय?

मुलाच्या एका हाताला सलाईनची सुई टोचलेली असते, मनगट पुठ्ठ्यावर चिकटपट्टीने बांधलेलं असतं. उरलेल्या एका हाताने, आडवं पडून खेळता येईल असं काहीतरी हवं. १२ रंगांचे मेणखडू आणि जाड पुठ्ठ्याला क्लिप लावलेले चित्रांचे कागद, मोठे चुंबकी तुकडे, चित्रांची मराठी पुस्तकं. कडक प्लॅस्टिकची, साबणाने धुता येणारी खेळणी. तीन वर्षांखालच्यांना तीन-साडेतीन सेंटिमीटरपेक्षा लहान तुकडा असलेलं काहीही नको. आणि १२-१३ वर्षांच्या मुलांना विसरू नका, त्यांच्या हातात सगळे खुळखुळा ठेवतात. त्यांना शब्दकोडी, बुद्धिबळ, वही-पेन द्या.

कपडे पुढे बांधायच्या नाड्या किंवा बटणं असलेले, सुती. डोक्यावरून घालायचा शर्ट सलाईनच्या नळीसकट घालता येत नाही. बाळांसाठी विणलेले मोजे जमले असतील तर प्रत्येक मोजा उलटा करून आतले सुटे धागे कापा. असा धागा बाळाच्या बोटाभोवती आवळला जातो, रक्तपुरवठा थांबतो आणि बाळ का रडतंय हे मोजा काढेपर्यंत कळत नाही.

चकचकीत कागदात गुंडाळू नका, सिस्टरना प्रत्येक पाकीट उघडून बघावं लागतं. पारदर्शक पिशवी घ्या, वयोगटाप्रमाणे खोकी वेगळी करा, खोकं १० किलोच्या आत ठेवा आणि वस्तूंची यादी बाहेरून चिकटवा.

'कै.' हे अक्षर आणि हार घातलेला फोटो

ज्याच्या आठवणीत हे करताय त्याचं नाव कुठेतरी असावं, ही इच्छा अगदी खरी आहे. पण प्रत्येक वहीवर 'कै. अमुक यांच्या स्मरणार्थ' असा स्टिकर लावला, की मुलाच्या उशाशी बसलेली आई ते वाचते. हार घातलेला फोटो वॉर्डात टेबलावर मांडणं तर तिच्यासाठी असह्य असतं, विशेषतः गेलेलं माणूस लहान मूलच असेल तर. नाव रुग्णालयाला दिलेल्या पत्रात आणि पावतीवर येऊ द्या. पुस्तकं असतील तर शेवटच्या पानावर नुसतं नाव लिहा, 'कै.'शिवाय.

फोटो काढायचे तर खोक्यांचे. मुलांचे चेहरे, केसपेपर, खाटेवरची पाटी, काहीच नको. वॉर्डात लैंगिक अत्याचारातून वाचलेलं मूलही असू शकतं आणि त्याची ओळख प्रसिद्ध करणं गुन्हा आहे. आत दोघा-तिघांनीच जावं, डॉक्टरांचा सकाळचा राउंड संपल्यावर. सर्दी-खोकला असलेल्याने किंवा घरात कांजिण्या असलेल्याने बाहेरच थांबावं.

पैशाचा घोळ

सगळ्यांचे पैसे एकाच्या यूपीआयवर गोळा केले, की महिन्याभरात हिशोबावरून नाती बिघडतात. देणाऱ्यांना थेट संस्थेच्या खात्याची माहिती द्या. जिल्हा रुग्णालयात रुग्ण कल्याण समिती असते, मुंबईत महापालिकेच्या मोठ्या रुग्णालयांत पुअर बॉक्स चॅरिटी फंड. पावतीपुस्तक छापून लोकांकडून वर्गणी काढणार असाल तर धर्मादाय कार्यालयाची, सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ४१ क खालची परवानगी लागते. देणगीवरची आयकर सवलत (लोक जिला '८०जी' म्हणतात) वस्तूंवर मिळत नाही, २,००० रुपयांवरच्या रोख देणगीवर मिळत नाही आणि नव्या करप्रणालीतही मिळत नाही. हे देणाऱ्यांना आधीच सांगा.

नेब्युलायझरसारखं यंत्र द्यायचं तर सोबत मुलांच्या मापाचे मास्क आणि दुरुस्तीची सोय द्या, आणि ते डेडस्टॉक रजिस्टरला, म्हणजे रुग्णालयाच्या टिकाऊ वस्तूंच्या नोंदवहीत, चढलंय याची खात्री करा. नोंद नसलेलं यंत्र बिघडलं की दुरुस्तीला पैसे मंजूर होत नाहीत.

ऐनवेळी अडलं तर

सामान जास्त झालं: दिवाळी, १५ ऑगस्ट आणि १४ नोव्हेंबरला हे हमखास होतं. निम्मं ठेवून घ्या, जुलैत द्या. मुंबईत परळच्या रुग्णालयांत उपचारासाठी आलेली गावाकडची कुटुंबं महिनोन्‌महिने धर्मशाळांत राहतात. चादरी आणि किराणा तिथेही चालतो, विचारून.

सामान कमी पडलं: वाटू नका. सगळं सिस्टरकडे सोपवा, त्या गरजेप्रमाणे देतील.

ओळखीच्या अधिकाऱ्यांची बदली झाली: शिक्क्याची पोच घेऊन नव्यांना भेटा.

रुग्णालयाने वस्तू नकोच म्हटलं: रक्तपेढीत विचारा. थॅलेसेमिया या रक्ताच्या जन्मजात आजाराच्या मुलांना दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त लागतं. एका दिवसात ३०० पिशव्यांचं शिबिर मात्र मागू नका, साध्या पिशवीतलं रक्त ३५ दिवस टिकतं आणि प्लेटलेट पाचच दिवस. तुमच्या २४ जणांची यादी करा, पेढीला दर महिन्याला सहा दाते मिळतील असं वाटून द्या. पुरुषांना दोन दानांत तीन महिने आणि स्त्रियांना चार महिने अंतर लागतं, त्यामुळे पाचव्या महिन्यात पहिले सहा पुन्हा देऊ शकतात.