क्यू दिसला की चार? नर्सिंगला येणाऱ्या मुलींसाठी

बारावीपर्यंत मराठी माध्यम, मग रत्नागिरीला जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा). तुमच्यातल्या बऱ्याच जणी याच वाटेने येणार, म्हणून लिहितेय.

पहिल्या वर्षी अ‍ॅनाटॉमीच्या तासाला मांडीच्या स्नायूचं नाव मी मोठ्याने वाचलं, 'क्युआड्रिसेप्स'. वर्ग हसला. तुमच्यावरही हसतील, हसू द्या. क्यूपुढे यू आला की बहुतेक वेळा उच्चार 'क्व' होतो. क्वॉड्रिसेप्स, चार डोकी असलेला स्नायू. वहीत सरळ देवनागरीत लिहून ठेवा.

इंग्रजीत चारची दोन घराणी आहेत, लॅटिनचं क्वॉड्रि आणि ग्रीकचं टेट्रा. आपलं चतुर् आणि चौ त्यांच्याच नात्यातलं. क्वॉड्रिप्लीजिया म्हणा की टेट्राप्लीजिया, चारही हातपाय लुळे. टेट्रासायक्लिन या अँटिबायोटिकच्या रेणूत एकाला एक चिकटलेली चार कडी. रत्नागिरीत मिऱ्याच्या बंधाऱ्यावर लाटा फोडायला टाकलेले चार पायांचे काँक्रीटचे ठोकळे, ते टेट्रापॉड.

आपण सगळी अक्षरं सारख्याच जोराने म्हणतो, तिथे घोळ होतो. टेट्रॅलॉजी ऑफ फॅलो (हृदयातले चार दोष एकत्र) म्हणताना जोर 'ट्रॅ'वर. फॅलो हे फ्रेंच डॉक्टरचं नाव, त्यातला शेवटचा टी गिळायचा. क्वॉड्रिप्लीजियात जोर 'प्ली'वर. एवढं जमलं की तोंडी परीक्षेत निम्मी भीती जाते.

आता माझी फजिती. क्लासच्या सरांनी सूत्र दिलं होतं, 'क्यू दिसला की चार'. असली सूत्रं देणाऱ्यांवर माझा राग आहे, तो जाणार नाही. दुसऱ्या वर्षी मेडिकल वॉर्डात बाहेरून आलेल्या एका पेशंटच्या कागदावर होतं, डिगॉक्झिन (हृदयाचं औषध, नाडी मंदावतं, म्हणून आधी नाडी मोजून देतात) ०.२५ मिग्रॅ, पुढे 'क्यूडी'. आमच्याकडे दिवसातून एकदा म्हणजे 'ओडी' लिहितात, त्यामुळे क्यूडी मी पहिल्यांदाच बघत होते. सूत्र आठवलं आणि चार्टवर वेळा टाकल्या: ६, १२, ६, १२. सिस्टरांनी चार्ट उचलला, माझ्याकडे बघितलं. "डिगॉक्झिन चार वेळा? मग नाडी कोणाची मोजणार गो तू?"

गोळी गेली नव्हती. पण अजून ते आठवलं की हाताला घाम येतो.

तर नीट ऐका. क्यूडीमधला क्यू 'क्वाक्वे'चा, म्हणजे 'दर'. क्यूडी म्हणजे दर दिवशी, एकदाच. क्यूआयडीमधला क्यू 'क्वाटर'चा, म्हणजे चार वेळा. क्यूडीएसमध्येही तोच, दिवसातून चार वेळा. आणि क्यू-फोर-एच? तिथला क्यू पुन्हा 'दर'चा. दर चार तासांनी, म्हणजे दिवसात सहा डोस, चार नव्हेत! तिथला चार आकड्यातून येतो, क्यूमधून नाही. हे तीनदा वाचा. अमेरिकेत जॉइंट कमिशनने (हॉस्पिटलांना मान्यता देणारी संस्था) २००४ मध्येच 'क्यूडी' वापरू नये अशा यादीत टाकलं, कारण क्यूनंतरचं टिंब 'आय' वाटतं आणि एकदाची गोळी चारदा जाते. म्हणजे चुकणारी मी एकटी नव्हते. तरीही शंका आली की विचारा. ओरडा खावा लागला तर खा.

दिसायला चार पण चार नसलेले आणखी दोन. क्वारंटाइनच्या मुळाशी चाळीस आहे, व्हेनिसच्या बंदरात जहाजं चाळीस दिवस थांबवून ठेवत त्यावरून. इंग्रजीत उच्चार 'क्वॉरंटीन', पण करोनात आपण 'टाइन' केलं ते आता राहणारच. टिटॅनसचा टेट्राशी काही संबंध नाही, तो ताठरण्यावरून आलाय.

उलट क्वॉरीत (म्हणजे दगडाची खाण) चार लपलाय. मुळात क्वॉरी म्हणजे दगड चौकोनी करण्याची जागा. माझे बाबा चिरेखाणीवर काम करतात. सुट्टीत घरी गेल्यावर त्यांना मोठ्या कौतुकाने हे सांगितलं. ते म्हणाले, "मगे? चिरो गोल काढतले की काय?"

शब्दांच्या याद्या पाठ करायची ॲप मी दोन महिन्यांत काढून टाकली. त्यांच्यापेक्षा वॉर्डातला जुना चार्ट बरा. नाइट ड्यूटीला रिकामा वेळ मिळाला तर त्यातलं एकेक संक्षिप्त रूप पूर्ण लिहून काढा. आधी क्यूचं पान.