पोर्टोला रेडवुड्सला आरव्ही (आत राहता येणारी गाडी) न्यायचीय? आधी हे बघा

पोर्टोला रेडवुड्स हे कॅलिफोर्नियातलं स्टेट पार्क, सॅन फ्रान्सिस्को बे एरियापासून जवळ, झाडी दाट, पण पार्क छोटंय, त्यामुळे आरव्ही भाड्याने घ्यायच्या आधी लांबी बघा, 24 फुटांच्या आतलीच घ्या, ला होंडा गावाकडचा रस्ता एवढा वळणावळणाचा आहे की त्याहूनही लहान असली तर बरंच. बुकिंग रिझर्व्ह कॅलिफोर्निया या वेबसाइटवर 6 महिने आधी उघडतं, वीकेंड पटकन जातात. हिवाळ्यात कॅम्पग्राउंड बंद.

हुकअप (गाडीला वीज-पाणी जोडायची सोय) नाहीत, डंप स्टेशनही (सांडपाणी रिकामं करायची जागा) नाही. म्हणजे पाण्याची टाकी निघतानाच भरायची, ग्रे-ब्लॅक टँक (सांडपाण्याची आणि टॉयलेटची टाकी) रिकामे करून यायचं, आणि आंघोळ-टॉयलेटला पार्कातलंच वापरायचं. सोलर पॅनलवर भरवसा नको, रेडवुडच्या उंच झाडांच्या सावलीत ते काय चार्ज करणार कप्पाळ! जनरेटर सकाळी 10 ते रात्री 8 एवढाच. रेंज नसते, मॅप आधीच डाउनलोड करा.

लाकडं वेचायची नाहीत, विकत घ्या. आणि चिवडा सांडू नका प्लीज, खरकटं दिसलं की स्टेलर्स जे नावाचे निळे पक्षी आणि डोमकावळे जमतात आणि मग तेच मार्बल्ड मरलेट नावाच्या दुर्मिळ पक्ष्याची अंडी-पिल्लं खातात, म्हणून टेबल पुसूनच उठायचं, डबे लॉकरमध्ये.