डाइक बघायची? आधी मागे सरका

साक्री–धुळे रस्त्यावर सरळ रेषेत गेलेली काळी, अरुंद टेकडी दिसली की पोरं विचारतात, "मॅडम, कुठला किल्ला?" किल्ला नाही, डाइक. दख्खनच्या लाव्हाच्या थरांना भेग पडली, तिच्यात मॅग्मा, म्हणजे जमिनीखालचा वितळलेला खडक, घुसला आणि तिथंच गोठला. आजूबाजूचा खडक झिजला, भिंत उरली. नंदुरबार-धुळे पट्ट्यात अशा दोनशेच्या वर आहेत, बहुतेक पूर्व–पश्चिम. साक्री–धुळे–पारोळा ही एकटी ७९ किलोमीटरची.

गाडीतून उतरल्या उतरल्या भिंतीला जाऊन चिकटू नका. लाव्हा निवताना तडकतो आणि त्याचे दगडी खांब होतात. अंधेरीच्या गिल्बर्ट हिलला हे खांब उभे आहेत. डाइकमध्ये ते आडवे असतात, कारण मॅग्मा दोन्ही कडांकडून आत निवत जातो आणि तडे कडेला काटकोनात पडतात. वखारीत ओंडके रचावेत तसं दिसतं. फोटोला झकास! पण वखारीतला खालचा ओंडका निसटला की वरचे काय करतात, ते तुम्हाला माहीत आहे.

म्हणून पायथ्याचे धोंडे बघा. तुटलेली बाजू तांबूस, शेवाळलेली असेल तर जुनी पडझड. काळीनिळी, धारदार असेल तर ताजी. सगळ्यात लांब गडगडलेला धोंडा जिथं थांबलाय, त्याच्याही मागे उभं राहायचं. एका सहलीत एक पोरगा सावली बघून भिंतीखाली डबा सोडून बसला. हाका मारून उठवला. पुढच्या पाच मिनिटांत नारळाएवढा दगड डब्याशेजारी. पावसाळ्यात आणि त्यानंतर महिनाभर तर मी भिंतीखाली कोणालाच जाऊ देत नाही.

वर कपारीत आग्या मोहोळ आहे का, तेही दुर्बिणीतून बघून घ्या. असेल तर अत्तर नको, धूर नको, आरडाओरडा नको. सरळ दुसरी जागा शोधायची.

हात लावायचाच असेल तर भिंत कमरेइतकी खाली उतरते ते टोक गाठा. अगदी कडेचा खडक गुळगुळीत, कण न दिसणारा. मॅग्मा गार खडकाला टेकून झटकन गोठला तो तिथं. तिथून मध्याकडे सरकत भिंग लावत जा, कण मोठे होताना दिसतील. हातोडा गाडीतच ठेवा. या कडेच्या कपच्या काचेसारख्या उडतात, आणि चष्मा कोणीच आणलेला नसतो.

जाता जाता भिंतीच्या दोन्ही अंगांच्या शेतकऱ्यांना विहिरीचं पाणी किती हातांवर आहे ते विचारा. डाइक जमिनीखालीही बांधासारखी उभी असते. एकाची विहीर मार्चमध्ये भरलेली आणि पलीकडच्याची कोरडी, असं ऐकलंत तर वहीत लिहून ठेवा.