आफ्रिकन सफारीचा महिना ठरवताना या चुका टाळा

‘आफ्रिकेत सफारीला कोणत्या महिन्यात जावं?’ असं कुणी विचारलं की माझा पहिला उलटा प्रश्न असतो: आफ्रिकेत कुठे? एप्रिलमध्ये केनियात धो-धो पाऊस पडत असतो, त्याच वेळी दक्षिण आफ्रिकेतलं क्रुगर कोरडं पडायला लागलेलं असतं. बोत्स्वानातल्या ओकावांगो नदीच्या त्रिभुज प्रदेशात तर तिथला पाऊस थांबल्यावर पूर चढतो. महिना आणि जंगल ही जोडी एकत्रच ठरवावी लागते. या सहलीसाठी अनेक कुटुंबं वर्षानुवर्षं पैसे साठवतात, म्हणून नेहमी होणाऱ्या चुका इथे जरा सविस्तर लिहितो आहे.

ताडोबाचं गणित केनियातल्या मसाई माराला लावणं

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. आपल्याला मे महिना म्हणजे सायटिंगचा महिना अशी सवय असते. ताडोबात पाणवठे आटतात, झाडोरा विरळ होतो, उरलेल्या पाण्यावर वाघ येतो. मुलांना सुट्टीही तेव्हाच. मग एप्रिल-मेमध्ये केनिया किंवा टांझानियाचं पॅकेज स्वस्त दिसलं की लगेच बुकिंग होतं. ते स्वस्त का आहे, हे विचारायचं राहून जातं.

मार्च ते मे हा पूर्व आफ्रिकेतला मोठा पावसाळा. स्वाहिलीत त्याला मसिका म्हणतात, आणि एप्रिलमध्ये त्याचा जोर सर्वाधिक असतो. माराच्या बऱ्याच भागात काळी चिकण जमीन आहे. अशा जमिनीत पावसात गाडीचं काय होतं, हे विदर्भ-मराठवाड्यातल्या माणसाला सांगायला नको. गवत इतकं वाढतं की त्यात पहुडलेला सिंह जवळून जातानाही दिसत नाही. पाणी सगळीकडे असल्याने प्राणी पांगतात. काही कॅम्प तर या काळात बंदच असतात.

सुट्टी मेमध्येच मिळणार असेल तर नकाशात खाली उतरा. क्रुगर, बोत्स्वानातलं चोबे, नामिबियातलं इटोशा या भागांत मे म्हणजे कोरड्या हिवाळ्याची सुरुवात. पानगळ सुरू होते, आडोसा कमी होतो, डासही घटतात. तिथला ऐन हंगाम जुलै ते सप्टेंबर असला तरी मे चांगलाच जातो. दिवाळीत जाणाऱ्यांनी त्या वर्षीची तारीख नीट बघावी. दिवाळी ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात आली तर चोबे आणि इटोशात कडक ऊन असतं, पण पाणवठ्यांवर प्राण्यांची झुंबड दिसते. नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात आली तर पहिल्या सरी पडून कळप पांगलेले असू शकतात.

कळपांचं स्थलांतर म्हणजे ‘जुलै-ऑगस्ट आणि मारा’ एवढंच समजणं

पंधरा लाखांच्या आसपास विल्डबीस्ट (बैलासारखे दिसणारे कुरंग) आणि त्यांच्याबरोबरचे लाखो झेब्रे वर्षभर चालतच असतात. पाऊस आणि कोवळं गवत जिकडे, तिकडे ते. डिसेंबर ते मार्च ते टांझानियात, सेरेंगेटीच्या दक्षिणेला एन्डुटूच्या माळावर असतात. एप्रिल-मेपासून ते वायव्येला सरकतात, साधारण जूनमध्ये ग्रुमेती नदीच्या भागात पोचतात आणि जुलै ते ऑक्टोबर उत्तर सेरेंगेटी आणि मारात राहतात. नोव्हेंबरच्या छोट्या पावसाबरोबर पुन्हा दक्षिणेकडे वळतात.

फेब्रुवारीत मारात जाऊन ‘कळप कुठे आहेत?’ म्हणणाऱ्यांची निराशा इथून येते. खरं तर फेब्रुवारी हा माझ्या मते स्थलांतरातला सर्वांत सुंदर काळ आहे, फक्त तो एन्डुटूत बघायचा. गोरोंगोरोच्या परिसरातल्या ज्वालामुखींची राख या माळावर पसरलेली आहे. तिच्यामुळे इथलं आखूड गवत खनिजांनी भरलेलं असतं, आणि दूध पाजणाऱ्या माद्यांना नेमकं तेच लागतं. काही आठवड्यांत लाखो पिल्लं जन्मतात. जन्मल्यावर काही मिनिटांत पिल्लू उभं राहतं, लगेच आईमागे धावू लागतं. मोकळ्या माळावर चित्ते, सिंह, तरस यांनी केलेली शिकार लांबूनही स्पष्ट दिसते.

कळप गेले म्हणून मारा रिकामं पडत नाही, हेही लक्षात असू द्या. सिंह, बिबटे, चित्ते आणि हत्ती तिथे बारा महिने असतात. जानेवारी-फेब्रुवारीत तिथे सहसा कोरडं असतं आणि गर्दीही कमी.

दोन रात्रींत नदी ओलांडताना बघायचा हट्ट

मारा नदी कळप कधी ओलांडणार, हे कुणीही सांगू शकत नाही. हजारो जनावरं काठावर तासन्‌तास उभी राहतात आणि एखादी मगर हलली की मागे फिरतात. एकदा गेलेला कळप काही दिवसांनी परतही येतो. जो एजंट ‘हमखास दिसेल’ म्हणतो, त्याच्याशी व्यवहार करू नका. नदीजवळच्या कॅम्पमध्ये किमान चार रात्री ठेवा. टांझानियातल्या कोगाटेंडे भागातही हेच दृश्य दिसतं, तोही पर्याय बघा. आणि कृपा करून ड्रायव्हरला गाडी पुढे घ्यायला लावू नका. काठावर गाड्यांची रांग लागली की कळपाची उतरायची वाट अडते, जनावरं बिथरून धोक्याच्या कड्यावरून उड्या घेतात.

खर्चाचंही बघा. 2024 पासून मारात परदेशी प्रौढांचं प्रवेशशुल्क जानेवारी ते जून रोजचं 100 डॉलर आणि जुलै ते डिसेंबर 200 डॉलर झालं आहे. कळपांचा आग्रह नसेल तर जूनचा दुसरा पंधरवडा फार चांगला: मोठा पाऊस सरलेला, दर अजून चढलेले नसतात.

धबधबा आणि प्राणी एकाच महिन्यात उत्तम मिळतील असं धरणं

झांबिया-झिंबाब्वेच्या सीमेवरच्या व्हिक्टोरिया धबधब्याला एप्रिलच्या आसपास सर्वाधिक पाणी असतं, इतकं की तुषारांमुळे समोरचं दिसत नाही. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये झांबियाच्या बाजूचा कडा जवळजवळ कोरडा पडतो. शेजारच्या चोबेत मात्र ऑक्टोबरमध्येच नदीकाठी हत्तींची दाटी. दोन्ही हवं असेल तर जून-जुलै हा समजूतदार मध्य. ओकावांगोतही तेव्हाच पाणी भरलेलं असतं, कारण अंगोलाच्या डोंगरांत पडलेला पाऊस तिथे पोचायला काही महिने लागतात.

पावसाळ्यातलं बुकिंग झालंच असेल तर

रद्द करायची घाई नको. पाऊस बहुतेक वेळा दिवसभर नसतो, त्यामुळे पहाटेची फेरी चुकवू नका. आधी कंपनीला लेखी विचारा की गाडी फोर-व्हील-ड्राइव्ह आहे का. साधी मिनीव्हॅन असेल तर थोडे पैसे वाढवून लँड क्रूझर घ्या. एकाच जागी जास्त रात्री राहा, म्हणजे चिखलातले लांबचे प्रवास वाचतील. हवा पावसाने धुतलेली असते, त्यामुळे ढग बाजूला झाले की केनियातल्या अंबोसेलीतून किलिमांजारो पर्वत स्वच्छ दिसतो, शक्यतो सकाळी. पक्षी बघणाऱ्यांसाठी तर नोव्हेंबर ते एप्रिल ही पर्वणीच, कारण युरोप आणि आशियातले स्थलांतरित पक्षी तेव्हा तिथे असतात.

महिना कोणताही असो, दोन गोष्टी आधीच उरका. मारा समुद्रसपाटीपासून सुमारे 1,500 मीटर उंचीवर आहे, गोरोंगोरोच्या ज्वालामुखी विवराचा कडा त्याहून बराच उंच. जुलैच्या पहाटे स्वेटर-जॅकेट लागतंच. आणि केनियाला जाणार असाल तर पीतज्वराची (यलो फीवरची) लस प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी घेतलेली हवी, कारण प्रमाणपत्र त्यानंतरच ग्राह्य धरतात. प्रमाणपत्राशिवाय भारतात परतलात तर विलगीकरणात राहावं लागू शकतं. ही लस ठरावीक सरकारमान्य केंद्रांवरच मिळते, म्हणून तिकीट काढलं की त्याच आठवड्यात तिथली वेळ घेऊन ठेवा.